होडीचा भार आणि परतीचे तेल

आधार : लूक १४:२८–३०, मत्तय २५:१–१३, प्रेषितांची कृत्ये २७



पावसाळ्यात नदीकाठच्या मंडळ्यांना दोन प्रार्थना कराव्या लागतात. एक, पाऊस यावा म्हणून; आणि दुसरी, तो बेताने यावा म्हणून. पहिली प्रार्थना ऐकली गेली आणि दुसरीच्या उत्तराची वाट पाहावी लागली, अशा दिवशी गावात हवा भरलेली रबरी होडी येते. तिच्यात किती माणसे बसवावी व तिच्या टाकीत किती तेल असावे, या साध्या प्रश्नाचा आज आपण विचार करू. हा विषय उपदेशाचा नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु आपल्या प्रभूचे पहिले शिष्य कोळी होते, आणि शिमोनाच्या होडीत बसून त्याने काठावरच्या लोकसमुदायास शिकवले, हे आपण विसरू नये.

आपल्या गावांतील कित्येक घरांची मुले नोकरीधंद्यानिमित्त मुंबईच्या उपनगरांत, कांदिवली, मालाड व बोरिवली येथे राहतात. पूर हे खेड्याचेच दुःख आहे असे नाही, हे त्यांना ठाऊक आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत उगम पावणारी पोयसर नदी कांदिवलीच्या वस्तीमधून वाहत मार्वेच्या खाडीस मिळते. नदी आखूड असल्यामुळे डोंगरावरील पाऊस थोड्याच वेळात तिच्या काठच्या घरांपर्यंत येतो. त्याच वेळी समुद्रास भरती असली, तर खाडीचे पाणी नदीच्या तोंडाशी उभे राहते व पावसाच्या पाण्यास जाण्यास वाट उरत नाही. मग ते घरांत शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईत कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटरच पडला. ज्या गल्लीत सकाळी रिक्षा उभी होती, त्या गल्लीत संध्याकाळी होडीची गरज लागावी, असा तो दिवस होता. पुढील वर्षी, म्हणजे २००६ साली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याच्या रबरी होड्या आता महाराष्ट्रातील नदीकाठच्या लोकांच्या ओळखीच्या झाल्या आहेत.

ही होडी पाहण्यास साधी दिसते, पण तिची रचना विचारपूर्वक केलेली असते. तिच्या कडेची फुगीर नळी आतून एकसंध नसते. मध्ये पडदे घालून तिचे निरनिराळे कप्पे केलेले असतात व प्रत्येकास हवा भरण्याचे तोंड वेगळे असते. एक कप्पा फाटला तरी बाकीचे होडीस तारून धरतात. उन्हात भरलेली हवा थंड पाण्यात आकसते, म्हणून होडी पाण्यात लोटल्यावर नळ्या पुन्हा दाबून पाहाव्या लागतात. नळी सैल पडली की होडी मध्ये वाकते, आणि कारखान्याच्या पाटीवर लिहिलेला भार तिला पेलवत नाही. या पाटीपासूनच आपला विचार सुरू होतो.

पहिली गोष्ट भाराची. उदाहरणादाखल समजा, पाटीवर १० माणसे व एकूण भार ९५० किलो असे लिहिले आहे. ‘एकूण’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. इंजिनाचे ७५ किलो त्यात आले. २५ लिटर पेट्रोल व त्याची टाकी यांचे सुमारे २२ किलो आले, कारण पेट्रोल पाण्याहून हलके असून लिटरास पाऊण किलोच्या आत भरते. नांगर, दोर, वल्ही, पंप व जीवरक्षक जाकिटे यांचे ५३ किलो धरू. हे सर्व मिळून १५० झाले, उरले ८००. होडी चालवणारा व त्याचा सोबती यांचे अंगावरच्या सामानासह १७० किलो वजा केले; उरले ६३०. भिजलेल्या कपड्यांतील माणूस सरासरी ७० किलोंचा धरला तर नऊ माणसांची जागा दिसते. परंतु पाटीवर माणसे दहाच लिहिली आहेत आणि दोघे आधीच बसले आहेत; म्हणून घ्यावयाची माणसे आठ. दोन मर्यादांपैकी जी लहान, ती पाळावी, हा नियम आहे.

आता ७० किलो शिल्लक राहिले, आणि मोह येथेच उभा आहे. काठावरचा मनुष्य म्हणतो, “एकाची जागा आहे की!” ती जागा रिकामी दिसते खरी, पण ती पावसासाठी राखलेली आहे. होडीचा तळ तीन मीटर लांब व एक मीटर रुंद धरला आणि त्यात एक इंच पाणी साचले, तर ते ७५ लिटर, म्हणजे ७५ किलो भरते. एका इंचाने सगळी शिल्लक संपली. जो दिसत नाही अशा नवव्या प्रवाशाची जागा सुज्ञ नावाडी आधीच सोडून ठेवतो. शिवाय आठ माणसे एका बाजूस बसली तर आठांचा हिशोब बरोबर असूनही होडी कलते. म्हणून भार दोन्ही बाजूंस सारखा वाटावा, सर्वांनी खाली बसावे, आणि नातलग ओळखीचा दिसला म्हणून कोणी उठून उभे राहू नये.

दुसरी गोष्ट तेलाची. पाण्यावर फिरणाऱ्यांचा एक जुना नियम आहे: टाकीचा एक भाग जाण्यास, एक भाग येण्यास आणि तिसरा भाग अडचणीसाठी. वाहते पाणी जाणे व येणे यांची किंमत सारखी ठेवत नाही, म्हणून हा तिसरा भाग लागतो. समजा, स्थिर पाण्यात होडी ताशी १५ किलोमीटर जाते, पुराची ओढ ताशी ५ किलोमीटर आहे, आणि इंजिन ताशी १५ लिटर पेट्रोल घेते. पाच किलोमीटर खाली असलेल्या वाडीवर ती ताशी २० च्या वेगाने पाव तासात पोहोचेल व पावणेचार लिटर जाळील. परतताना मात्र ताशी १० चाच वेग राहील. अर्धा तास लागेल व साडेसात लिटर जळतील. एका खेपेस सव्वा अकरा लिटर झाले. पंचवीस लिटरांच्या टाकीत दोन खेपांचे साडेबावीस बसतात, असे वाटून पुष्कळजण दुसऱ्या खेपेस निघतील. परंतु मग अडीच लिटर उरतात. तिसरा भाग नाहीसा झालेला असतो. भरल्या होडीचा वेग आणखी कमी होतो, आणि बुडालेल्या कुंपणास वळसा घालावा लागला तर तेवढेही पुरत नाहीत. म्हणून एका खेपेनंतर टाकी भरावी, मगच निघावे.

प्रियहो, प्रवाहाबरोबर जाणे स्वस्त असते. त्या स्वस्ताईवरून परतीचा खर्च मोजू नये. कर्ज काढणाऱ्यास, व्यसनास पहिल्यांदा शिवणाऱ्यास, लग्नात ऐपतीबाहेर खर्च करणाऱ्यास आरंभी होडी किती भरभर जाते असे वाटते! पाणीच तिला नेत असते. तोंड वळवण्याचा दिवस आला म्हणजे त्याच वाटेला दुप्पट तेल लागते. बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याविषयी प्रभू बोलला, तेव्हा तो मनुष्य आधी बसून खर्च मोजतो असे त्याने सांगितले. त्यातील ‘आधी’ व ‘बसून’ हे दोन्ही शब्द मोलाचे आहेत. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून कोणास बेरीज साधत नाही. हिशोब कोरड्या जमिनीवर व्हावयाचा असतो.

दहा कुमारिकांच्या दृष्टांतातील पाच शहाण्यांवर पुष्कळ वाचक मनातून रुष्ट असतात. आपल्या तेलातून थोडे द्यावयास काय हरकत होती, असे ते म्हणतात. त्यांनी दोन होड्या डोळ्यांसमोर आणाव्या. एकीत परतीपुरते तेल आहे, दुसरीत नाही. दोघींनी ते निम्मेनिम्मे वाटून घेतले तर दोन्ही पुराच्या मध्यावर बंद पडतील, आणि त्यांतील सर्व माणसे जातील. भाकर निम्मी केली तर दोघे अर्धपोटी राहतात, पण जगतात. परतीचे तेल निम्मे केले तर कोणीच घरी पोहोचत नाही. काही वस्तू ऐनवेळी वाटून घेता येत नाहीत. त्या ज्याच्या त्याने वेळेवरच आणलेल्या असाव्या लागतात. तयारी ही त्यांतलीच एक होय.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि ती नकाराची. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० माणसे होती. आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, रेल्वेचे लोक व आसपासचे ग्रामस्थ यांनी मिळून त्या सर्वांस सुखरूप बाहेर काढले. एका होडीत दहा धरले तर १,०५० माणसांना १०५ खेपा लागतात. म्हणजे प्रत्येक खेपेस कोणास तरी “तुम्ही थांबा” असे सांगावे लागते, आणि त्याने थांबावे लागते. त्यानंतर बाराच दिवसांनी, ८ ऑगस्ट रोजी, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांस नेणारी होडी उलटली व दहाहून अधिक माणसे बुडाली. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. होडीत तिच्या शक्तीबाहेर माणसे बसली होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. त्या गावास दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही. दारात पाणी चढत असताना आणि दुसरी होडी दृष्टीस पडत नसताना, “मी उतरतो” असे म्हणणे आपल्यांपैकी कितीकांस साधले असते? लेकरू कडेवर घेऊन आलेल्या बाईस “पुढच्या खेपेस” असे सांगणे कितीकांस साधले असते?

म्हणूनच आम्ही म्हणतो की दया व हिशोब या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. जी दया नवव्याला घेऊन आठांस बुडवते, ती स्वतःच्या मनाचे ओझे उतरवते, दुसऱ्याचे नव्हे. नकार देणाऱ्याचे मन त्या वेळी फाटत असते. तरी तो नकार देतो, कारण होडीत आधी बसलेल्यांचे प्राण त्याच्या हाती आहेत. परंतु या नकारास एक अट आहे. “पुन्हा येतो” हे वचन त्याच्याबरोबर दिले पाहिजे, आणि त्या वचनाइतके तेल काठावर असले पाहिजे. तेल नसता दिलेले वचन म्हणजे असत्य होय. परतीचा भरवसा असेल तर मनुष्य छपरावर रात्र काढील. नसेल तर तो होडीच्या कडेस लोंबकळेल, आणि त्यास कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

हा भरवसा कसा उत्पन्न करावा, हे पौलाच्या जलप्रवासाच्या वृत्तांतावरून शिकता येते. त्या गलबतात २७६ माणसे होती. गलबत हलके व्हावे म्हणून त्यांनी गहूदेखील समुद्रात टाकला. पेटी, गाठोडे व भांडी यांच्यासाठी माणसाची जागा अडवणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. खलाशी लहान होडी सोडून गुपचूप निघून जाऊ लागले, तेव्हा पौलाने सुभेदारास सांगितले की हे लोक गलबतात राहिले नाहीत तर कोणी वाचणार नाही. आणि शिपायांनी त्या होडीचे दोर कापून टाकले. ज्यांना वाट माहीत होती ते मागे राहिले, म्हणून सर्वच्या सर्व २७६ जण किनाऱ्यास लागले.

तेव्हा मंडळीच्या सेवकांनो व गावच्या वडीलधाऱ्यांनो, तुमचे स्थान कोठे, हे यावरून उघड आहे. पहिल्या खेपेत आजारी, वृद्ध, गरोदर स्त्रिया व लेकुरवाळ्या जाव्या, आणि गावाने ज्याच्यावर विश्वास ठेवला आहे त्याने मागे थांबावे. “होडी येईल” असे शंभरदा सांगण्यापेक्षा “मीही येथेच आहे” हे एकदाच सांगणे अधिक बळकट असते. त्याने होडीतील आपली जागा दुसऱ्यास दिली, म्हणजे त्याचा शब्द लोकांस खरा वाटतो.

यासाठी पाऊस लागण्यापूर्वी एक संध्याकाळ पुरे. आपल्या वस्तीतील घरे लिहून काढावी; कोणास चालवत नाही, कोणाकडे तान्हे मूल आहे, हे त्यांपुढे लिहावे. माणसे चाळीस असतील तर आठांप्रमाणे पाच खेपा. वर दिलेल्या अंतरास पाच खेपांचे सव्वाछप्पन लिटर, आणि अडचणीचा भाग निराळा. एका टाकीत भागत नाही, हे त्याच संध्याकाळी कळेल; तेव्हा ते तहसीलदार कचेरीस वेळेवर कळवता येईल. पाणी चढू लागल्याचा हुकूम आला म्हणजे पायवाट उघडी आहे तोवर धडधाकट माणसांनी पायीच निघावे. जो आधी चालत गेला, त्याने होडीतील एक जागा मागे राहिलेल्यास दिली असे समजावे. कांदिवलीस किंवा अन्यत्र नदीनाल्याच्या काठी राहणाऱ्या आपल्या मुलांनाही हेच लिहून कळवावे.

प्रार्थना करू नये असे आम्ही म्हणत नाही. टाकी मोजून झाल्यावर प्रार्थना अधिक मोकळ्या मनाने होते. ज्याने वाऱ्यास व लाटांस धमकावले तो होडीत असतानाही होडी शिष्यांनाच चालवावी लागत होती. देव आपणांस मोजण्याची बुद्धी, नकार देण्याचे धैर्य आणि मागे थांबण्याची प्रीती देवो.