सेवा आणि आज्ञा

जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली, महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी मार्गदर्शक श्वानांची शाळा निघाली. अशा श्वानास प्रथम आज्ञापालन शिकवितात; आणि मग, समोरून वाहन येत असता ‘चल’ ही आज्ञा मोडावयासही शिकवितात. आम्ही शासकीय सेवेत उभे आयुष्य वेचले. वरिष्ठांची आज्ञा मोडणे हा अपराध, हीच आमची शिकवण. परंतु धन्याच्या हितासाठी धन्याचाच हुकूम नाकारणे, ही सेवेची परिसीमा नव्हे काय?

मात्र हे व्रत त्या मुक्या जीवाने आपण होऊन घेतलेले नाही; म्हणून थकल्यावर त्याचा सांभाळ करणे हा उपकार नव्हे, ऋणफेड होय. धर्मराजाने श्वानासाठी स्वर्ग नाकारला. आम्हां रामपायलीकरांस, जन्मभर घर राखलेल्या म्हाताऱ्या श्वानास ओसरी देणे जड का व्हावे?