पिठाचा कोंबडा

दिवाळीला धाकटी लेक पुण्याहून आली होती. पहाटेची बस्तीतली पूजा, निर्वाणलाडू, फराळाची ताटं इकडून तिकडे, हे सगळं आटोपल्यावर पाडव्याच्या दुपारी ती म्हणाली, "आई, आज सगळ्या मिळून एक पिक्चर बघू या. सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या दोघांचा आहे, पण हसायला येतं."

जाऊबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "माणसं मारतात आणि हसायला येतं होय?"

"बघा तर खरं, मग बोला."

बघितला. 'इन ब्रूज' त्याचं नाव. 2008 चा आहे, मार्टिन मॅकडोनाने लिहिलेला आणि त्यानेच दिग्दर्शित केलेला. आम्ही पाच बायका होतो: मी, लेक, जाऊबाई, शेजारच्या अक्का आणि त्यांची सून. पावणेदोन तासांच्या वर काही नाही, पण त्यावर आमचं बोलणं मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरलं. इतक्या वेगवेगळ्या गोष्टी त्या एका पडद्यावर बसल्या होत्या हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रे नावाचा तरुण पहिलीच सुपारी घेतो, एका पाद्र्याला मारायची. चर्चमध्ये जाऊन मारतोही. पण गोळी आरपार जाते आणि मागे बसलेल्या एका लहान मुलाला लागते. तो मुलगा आपल्या पापांचा कबुलीजबाब द्यायला नंबर लावून बसलेला. हातात चिठ्ठी, तीवर त्याची पापं: आपण चिडचिड करतो, गणितात कच्चे आहोत, उदास असतो. झालं, एवढीच पापं. मालकाने, म्हणजे हॅरीने, रे आणि त्याचा वयस्क जोडीदार केन या दोघांना लपायला बेल्जियममधल्या ब्रूज गावी धाडलेलं असतं. जुनं, सुंदर, कालव्यांचं गाव. केन तिथे हौसेनं चर्च-चित्रं बघत फिरतो, रे कंटाळून जीव नकोसा करतो. आणि मग हॅरीचा फोन येतो, की केन, तू आता रेला मार. लहान मुलाला मारणाऱ्याने जगता कामा नये, हे हॅरीचं तत्त्व.

त्या चिठ्ठीपाशी अक्कांच्या डोळ्याला पदर लागला. आमच्याकडेही संध्याकाळी आलोचना म्हणतात. चालताना, दळताना, पाणी गाळताना नकळत जे जीव गेले असतील त्यांची क्षमा मागायची. लहानपणी मला वाटायचं, माझी पापं तरी काय असणार? मी पण मनात तसलीच यादी करायचे, बहिणीची रिबन लपवली, आजीला उलटून बोलले. म्हणून तो मुलगा परका वाटेना.

पिक्चर संपल्यावर पहिलं मत अक्कांच्या सुनेचं पडलं. "शिव्या किती! कानात बोटं घालावी अशा." खरं होतं ते. दुसरं लेकीचं. तिला रेची दया आली होती. "त्याने मुद्दाम मारलं नाही ना मुलाला? मग तो मरायला का निघाला? रडून रडून अर्धा झालाय बिचारा."

जाऊबाई म्हणाल्या, "मुलाला मुद्दाम नाही मारलं. पाद्र्याला?"

सगळ्या गप्प. आम्हा पाचजणींपैकी एकीनेही तोवर त्या पाद्र्याचं नाव काढलं नव्हतं. तो कोण होता, त्याला का मारलं, आम्ही विचारलंच नाही. पैशासाठी, आखून, समोर उभं राहून मारलेला माणूस आम्ही हिशेबात धरलाच नाही, आणि चुकून गेलेल्या मुलासाठी डोळे पुसले. मला वाटतं हा पिक्चर जिथे खरा हुशार आहे ती जागा हीच. तो आपल्याकडून एक मरण गिळवून घेतो, दुसऱ्यापाशी घास अडकवतो.

आपल्या शास्त्रात याची सरळ विभागणी आहे, स्वाध्यायाला येणाऱ्या बायकांना पाठ असेल. स्वयंपाकपाण्यात घडते ती आरंभी हिंसा, धंद्यात घडते ती उद्योगी, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. आणि ठरवून केलेली ती संकल्पी. श्रावकाला पहिल्या तिन्ही पूर्ण सुटत नाहीत, पण संकल्पी सोडलीच पाहिजे. त्या हिशेबाने पाद्र्याची हत्या सर्वांत मोठी आणि मुलाची त्याहून लहान ठरेल. पण आई म्हणून विचारा स्वतःला, तसं वाटतं का? मला नाही वाटलं. आणि यात शास्त्र चूक की मी, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

हसण्याचा प्रश्न जाऊबाईंनीच काढला. आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागतं: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेलं. "आपण हसलो, म्हणजे अनुमोदना झाली," त्या म्हणाल्या. लेक म्हणाली, "काकू, तिथे कोण मेलंय? सगळा लाल रंग."

तेव्हा मला आजीची गोष्ट आठवली. यशोधर राजाची. राणीच्या वागण्याने मन उडालेला राजा, त्याला पडलेलं वाईट स्वप्न, आणि आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे, म्हणजे अरिष्ट टळेल. राजा जीव मारायला तयार नाही. मग मायलेक तोड काढतात: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. कापतात. रक्ताचा थेंब नाही, कुणी मेलं नाही. तरी त्या एका घावापायी दोघांना मोर, कुत्रा, मासा, बोकड अशा जन्मांतून जावं लागतं. कन्नडमध्ये जन्न कवीने यावर काव्य लिहिलं, गिरीश कार्नाडांनी नाटक. आजी ही गोष्ट पीठ मळता मळता सांगायची, आणि आम्ही भावंडं हातातल्या कणकेच्या चिमण्या घाबरून मोडून टाकायचो.

मग पिक्चर म्हणजे पिठाचा कोंबडाच की! जाऊबाईंचं म्हणणं त्या जोरावर टिकतं. पण मी पुष्कळ विचार केला आणि मला ते अर्धंच पटलं. यशोधराने सुरी उचलली तेव्हा त्याच्या मनात मारणं होतं, समोर पीठ होतं इतकंच. आम्ही हसलो ते मारण्याला नव्हे. हॉटेलच्या जिन्यात दिवस गेलेली मालकीण मध्ये उभी, हटायला तयार नाही, आणि खाली हॅरी, वर रे, दोघेही तिला इजा होऊ नये म्हणून आपसात ठरवतात की तू खिडकीतून कालव्यात उडी मार, मी बाहेरून वळसा घालून येतो. जीव घ्यायला निघालेल्यांची ही टापटीप बघून हसू येतं. ते हसू मारण्याच्या बाजूचं नाही, विरुद्ध बाजूचं आहे.

एका जागी मात्र आम्ही हसलो ते वाईट हसलो. गावात उंच घंटाघर आहे, अरुंद जिन्याचं, 366 पायऱ्यांचं. तिथे चढायला निघालेल्या जाड्या प्रवाशांना रे वाटेल ते बोलतो. आम्ही खो खो हसलो. अक्का हसल्या नाहीत. अक्कांचे गुडघे गेलेत, वजनापायी त्यांना बस्तीच्या चार पायऱ्याही जड जातात. तिथे गोळी नव्हती, रक्त नव्हतं, आणि अनुमोदना होती ती तीच. ठेंगू नटाला उद्देशून जे विनोद आहेत त्यांचंही तसंच. मरणावर हसल्याचा हिशेब आम्ही दोन दिवस करत बसलो, याचा कुणी केला नाही.

त्याच घंटाघरावर केनचं शेवटचं दृश्य आहे. रेला मारायला गेलेल्या केनने त्याला मारलेलं नसतं, उलट स्वतःला संपवायला निघालेल्या रेला अडवून गाडीत बसवून दिलेलं असतं. हॅरी येतो, केनला गोळ्या लागतात. रे अजून गावातच आहे हे कळल्यावर त्याला सावध करायला केन रक्ताळलेला वर चढतो आणि उडी मारतो. पण खाली धुकं, माणसं दिसत नाहीत. म्हणून उडीआधी तो खिशातली चिल्लर खाली टाकतो, म्हणजे लोक बाजूला होतील. जाऊबाई पटकन म्हणाल्या, "ईर्यासमिती!" पाय टाकण्याआधी जमीन बघणं. आयुष्यभर माणसं मारलेला, आणि मरतानाचं पडणंसुद्धा कुणाला लागू नये म्हणून बघतो. याउलट हॅरी. तो रेवर गोळ्या झाडतो, गोळी शाळकरी पोशाखातल्या ठेंगू नटाला लागते. हॅरीला वाटतं, आपल्या हातून मूल गेलं. रे काही सांगू बघतो, हॅरी थांबत नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व, आणि स्वतःला संपवतो. अक्कांची सून म्हणाली, "शब्दाचा पक्का." मला तसं नाही म्हणवत. त्याने खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. शास्त्रात प्रमाद म्हणतात तो हाच, आणि तत्त्वनिष्ठ माणसांत तो जास्त आढळतो असं माझं मत झालंय.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

माझं माहेर चिकोडीजवळ. धाकटा भाऊ तेव्हा सव्वीसचा, निपाणीला कापडदुकानात हिशेब लिहायचा. थंडीचे दिवस, साडेपाचलाच ऊन उतरायचं. आमच्या घरी दिवस मावळल्यावर जेवण नाही, आणि आई त्याच्याशिवाय जेवायची नाही. त्या दिवशी दुकानात उशीर झाला. आई उपाशी राहील म्हणून त्याने मोटरसायकल जरा दामटली. उसाच्या गाड्यांची रांग चाललेली, पोरं मागून ऊस ओढत होती. एक सात-आठ वर्षांचं पोर ऊस घेऊन गाडीआडून एकदम रस्त्यात आलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलं. कोर्टात भाऊ निर्दोष सुटला. बघणारे सगळे म्हणाले, त्याची चूक नव्हती.

रात्री दिव्यावर येऊन किडे मरू नयेत म्हणून जे जेवण आम्ही उजेडी उरकतो, त्याची घाई होती ती. त्याने केलं, आईने करवलं, असं म्हणायचं? मी आजवर कुणाला विचारलं नाही. आई शेवटपर्यंत आलोचना म्हणायची आणि एका ठिकाणी थांबायची. आम्ही सगळे त्या वेळी दुसरीकडे बघायचो. भाऊ पुन्हा गाडीवर बसला नाही. तेव्हापासून दुपारी एकदाच जेवतो, म्हणजे संध्याकाळी त्याच्यासाठी कुणाला ताटकळावं लागत नाही. गावात त्याला मोठा व्रती समजतात, बायका लेकरांना त्याच्या पाया पडायला लावतात. तो मागे सरकतो.

पिक्चरच्या शेवटी रेला स्ट्रेचरवरून नेत असतात. त्याच्या मनात येतं, वाचलो तर त्या मुलाच्या आईकडे जाईन, ती देईल ती शिक्षा घेईन. लेक म्हणाली, किती छान शेवट. मला काही बोलवेना. आमच्या वडीलधाऱ्यांनी भावाला तेव्हा बजावलं होतं, केस चालू आहे, त्या घरी पाय ठेवायचा नाही. केस संपली. पुढे कुणी विषय काढला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भाऊ अकराच्या एसटीने आला. ओवाळलं, जेवला. लेक त्याला म्हणाली, "मामा, काल आम्ही एक पिक्चर बघितला, तुलाही दाखवते," तेव्हा मी तिला दुकानातून दही आणायला पाठवलं. दही घरात होतं.

ती गेल्यावर मी विचारलं, "त्या पोराच्या आईकडे कधी गेला होतास का रे?"

त्याने सुपारीचं खांड हातात फिरवलं. "दोनदा गेलो," म्हणाला. "दारापर्यंत."

मग घड्याळाकडे बघून पिशवी उचलली. चारची गाडी होती, आणि पुढची एकदम सहाला.