शेजाऱ्यांची वाइन

डिसेंबर २०१२. इटलीच्या टस्कनीत, मोंताल्चिनो गावाजवळच्या एका तळघरात रात्री कुणीतरी शिरलं आणि मोठमोठ्या लाकडी पिंपांचे नळ एकामागून एक उघडले. चोरलं काहीच नाही. ६२,६०० लिटर रेड वाइन गटारात गेली. २००७ ते २०१२, सहा वर्षांची. उघडणारा तिथलाच जुना नोकर निघाला. पुढे त्याला शिक्षाही झाली.

मालक होते जानफ्रांको सोल्देरा. आधी मिलानमध्ये विमा दलाल, १९७२ साली इथं जमीन घेऊन द्राक्षं लावलेले. त्यांची वाइन ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो. नियमानं ती फक्त सांजोवेसे या एकाच द्राक्षाची, आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाचा जानेवारी येईपर्यंत विकायची नाही. ही वाइन कोवळी असताना तोंड आवळून टाकते, कच्च्या जांभळासारखी तुरट. लाकडात नि मग बाटलीत वर्षं काढली की तोच तुरटपणा मऊ होतो, मागून आंबट चेरी येते. पिंप पुन्हा भरता येईल. ती सहा वर्षं कुठून आणणार?

तिथल्या उत्पादकांच्या संघानं मदत देऊ केली: सगळे आपापली थोडी वाइन देतील. सोल्देरांनी नकार दिला. वर म्हणाले, ही ग्राहकाची फसवणूक होईल. आणि संघही सोडला.

वाचलं तेव्हा मला हा शुद्ध माज वाटला. खळं जळाल्यावर शेजाऱ्यानं आणून दिलेलं धान्य कुणी परत पाठवतं का?

पण ते धान्य घरात शिजतं. ही वाइन विकली जाणार होती, सोल्देरांचं नाव लावून, दूर कुठंतरी पैसे मोजणाऱ्या माणसाला. त्याला चवीतला फरक कळलाही नसता कदाचित. (मला तर नक्कीच नाही.) आणि तो कळणार नाही म्हणूनच तर त्याचा भरवसा मोडायचा नाही.

तरी एक गोष्ट खुपतेच. बाटलीवर ‘शेजाऱ्यांनी दिलेली’ असं छापून विकता आली असती. मग फसवणूक कुणाची? न पाहिलेल्या गिऱ्हाइकाशी ते प्रामाणिक राहिले, पण दारात मदत घेऊन आलेल्यांना मात्र फसवणुकीचे भागीदार ठरवून मोकळे झाले. नकार बरोबर होता, असं मी म्हणेन. तो शब्द नव्हता.

सोल्देरा २०१९मध्ये गेले. संघ सोडल्यानंतरच्या त्यांच्या बाटल्यांवर ‘ब्रुनेल्लो’ हे नाव नाही. नुसतं सांजोवेसे, १०० टक्के.