सातवी बुडी

शास्त्रपाठ : २ राजे ५:१-१४



नामान सेनापती यार्देनेत सात वेळा बुडी मारून शुद्ध झाला, ही कथा आपणांस ठाऊक आहे. परंतु सहावी बुडी मारून तो काठावर चढला असता तर? आज्ञा सातांची होती. सहांना वचन नव्हते.

क्षयरोग्याचेही असेच आहे. साध्या क्षयाचा उपचार सहसा ६ महिन्यांचा असतो : पहिले २ महिने चार औषधे, पुढे ४ महिने तीन. काही आठवड्यांतच खोकला हटतो, भूक लागते, आणि रोग्यास वाटते, आपण बरे झालो. पण काही जंतू शरीरात निपचित पडून असतात. औषध मध्येच सोडिले तर ते पुन्हा उठतात, व कित्येकदा त्याच औषधांस मग दाद देत नाहीत.

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. आमच्या मंडळीतील एक तरुण दुसऱ्या महिन्यात सशक्त दिसू लागला, तेव्हा मी उपासनेत त्याच्या बरे होण्याबद्दल उपकारस्तुती केली. ती ऐकून त्याने गोळ्या बंद केल्या व तो ऊसतोडीस गेला. परतला तो रक्त थुंकीत. देव बरे करितो, हे मी सांगितले. औषध पुरे कर, हे सांगितले नाही.

रोगी केवळ हट्टाने औषध सोडीत नाही. कोणास मळमळ होते. कोणी लघवी नारिंगी झालेली पाहून घाबरतो. ती रिफाम्पिसिन या औषधाने होते, त्यात भय नाही. कोणाची मजुरी बुडते. कोणा सुनेस सासरी कळेल अशी धास्ती असते.

नामान रागाने परत फिरला, तेव्हा त्याच्या चाकरांनी त्यास दोष दिला नाही. जवळ जाऊन आदराने समजाविले. उपदेशक बंधूंनो, हे काम आपले आहे. प्रत्येक रोग्यामागे एक विश्वासू मनुष्य नेमा. त्याने रोज गोळी घेताना पाहावे. उलट्या होऊ लागल्या किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रोगी गाव सोडणार असेल, तर आधी आरोग्यकेंद्रात कळवून पुढील ठिकाणी औषधाची सोय लावा. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी दरमहा १००० रुपये ठरले आहेत. ते बँकेत जमा होतात, म्हणून खाते उघडण्यास साह्य करा.

तो तरुण आज पुन्हा पहिल्या बुडीस उतरला आहे. मी अजूनही दर महिन्यास त्याच्यासाठी उपकारस्तुती करितो, पण तिच्या शेवटी सर्वांदेखत नव्हे, त्याच्या घरी जाऊन विचारितो, "बाळा, आता किती राहिल्या?"