वांझ कोणाला म्हणावे?

गेल्या पावसाळ्यात कोरेगाव भीमा येथील एका शेतकरी कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. गोठ्यात एक संकरित गाय उभी होती. घरधनी म्हणाले, "फादर, चार वेळा भरवली, चारही वेळा उलटली. एकवीस दिवस झाले की पुन्हा माजावर येते. वांझच म्हणायची. दारात बांधून किती दिवस खायला घालू?" त्यांची सून चहा घेऊन येत होती. लग्नाला सात वर्षे होऊनही तिची कूस उजवली नव्हती. 'वांझ' हा शब्द कानी पडताच तिची पावले क्षणभर अडखळली.

घरधनी निर्दय नव्हते. गाय व्याल्यावाचून दूध नाही आणि दुधावाचून त्या घराचा खर्च चालत नाही. ज्या देशांत मांसासाठी गायी पाळतात, तेथे गाभण न ठरलेली गाय बहुधा कळपातून काढून कत्तलखान्याकडे धाडतात. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येस बंदी आहे. २०१५ पासून बैलही त्या बंदीत आले. कायदा गायीचा जीव राखतो, परंतु तिच्यापुढे चाऱ्याची पेंढी टाकीत नाही. ती गरीब शेतकऱ्यालाच टाकावी लागते. दया साऱ्या समाजाची आणि भार मात्र एका घराचा, हा न्याय नव्हे.

तथापि निवाड्यापूर्वी चौकशी हवी. सकाळी माज दिसला तर सायंकाळी गाय भरवावी, असा नियम आहे. मुका माज तर नजरेतूनच निसटतो. आपल्या भागात उसाचे वाढे मुबलक. त्यातील ऑक्झलेटमुळे अंगी लागणारे कॅल्शियम घटते, आणि क्षार मिश्रण दिले नाही तर माजाचे चक्र बिघडू शकते. कधी गर्भाशयात दाह असतो, कधी रेतनातच चूक होते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे 'बाएफ' संस्था स्थापन केली आणि संकरित गाय शेतकऱ्याच्या दारी आली. अधिक दूध आपणच मागितले. त्या दुधापायी व्याल्यानंतर तिचे अंग झिजते व माज लांबतो. दोष पुष्कळदा आपल्या निगराणीचा असतो. ठपका मात्र मुक्या जनावरावर येतो.

स्त्रीच्या बाबतीत हा अन्याय अधिकच क्रूर होतो. कारण पतीमध्येही असू शकते, तरी बोल तिलाच लागतो. संत लूक यांनी एलिझाबेथला नीतिमान म्हटले आहे, ते तिला पुत्र होण्यापूर्वी. तिची योग्यता पाळण्यावर अवलंबून नव्हती.

सर्व उपचार करूनही एखादी गाय गाभण राहत नाही. तेव्हा तिचे उत्पन्न संपते, मोल संपत नाही. मात्र तिचा भार शेजाऱ्यांनी आणि धर्मग्रामाने थोडा वाटून घ्यावा. नाहीतर आपली भूतदया केवळ तोंडची ठरेल.

निघताना घरधनी म्हणाले, "उद्या डॉक्टरांना बोलावतो." मी म्हणालो, "अवश्य बोलवा. पण तो शब्द मात्र या घरात पुन्हा नको." त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिले आणि मान खाली घातली.