इंजिन कोणते बांधावे?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड भट्टीत वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. ते पूर्वी काय होते, हे कोणी विचारीत नाही. इंजिनाचे तसे नाही. त्यावर क्रमांक कोरलेला असतो.

आमच्या परिचयातील एका तरुणाजवळ वडिलांची मारुती झेन आहे. तिचे 993 सी.सी.चे इंजिन आता तेल जाळते. ते बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून पुन्हा बांधावे, की भंगारातले एस्टीमचे 1298 सी.सी.चे इंजिन बांधून बसवावे? दोन्ही एकाच घराण्यातली. हलक्या गाडीला मोठे इंजिन म्हणजे निव्वळ वारा! (हा मोह आम्हांलाही झाला, ते लपवीत नाही.)

परंतु वेग वाढतो, ब्रेक तेच राहतात, आणि अंबडच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याने या प्रयोगास संमती दिलेली नसते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते. तथापि केवळ दंडाच्या भयाने केलेली निवड आम्हांस अपुरी वाटते. शिवाय ते दुसरे इंजिन निघाले कोणाच्या गाडीतून?

आम्ही त्यास इतकेच सांगितले : आधी सिलिंडरची झीज मोजून घे. ओव्हरसाइझ पिस्टन बसण्याजोगी जागा उरली असेल, तर वडिलांचेच बांध.