तिगावहून मलाकालला

चि. छोटू,


परवा तुझा फोन आला तेव्हा तू एंटेबीच्या विमानतळावर बसला होतास आणि तीन परक्या देशांचे ऑफिसर तुझ्या हवाली होते. "आबाजी, बंदूक चालवायला भरती झालो आणि आता साहेबांच्या बॅगा मोजतो आहे," म्हणालास. हसत म्हणालास, पण ते हसू मला काही खरं वाटलं नाही. फोनवर असलं बोलणं होत नाही. मला कमी ऐकू येतं, रेंज जाते, आणि तुझी आजी मधूनच फोन हिसकावून घेते. म्हणून लिहितो. तुझी बहीण या कागदांचे फोटो काढून पाठवेल.

एंटेबी हे नाव आमच्या पिढीला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. १९७६ च्या जुलैमध्ये इस्रायलच्या कमांडोंनी रात्रीत तिथे उतरून ओलिसांना सोडवून नेलं, तेव्हा रेल्वेच्या कॅबिनमध्ये रेडिओवर ती बातमी आम्ही तोंड उघडं ठेवून ऐकली होती. तिथे आपल्या घरचा पोरगा बसून आजीचे अनारसे वाटेल हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

सुट्टी संपवून तू किती लांब जातोस ते मी वहीत लिहून काढलं. तिगावहून पांढुर्णा, पांढुर्ण्याहून नागपूर, नागपूरहून दिल्ली, तिथून विमानाने युगांडातलं एंटेबी, मग दक्षिण सुदानची राजधानी जुबा, आणि शेवटी नाईलच्या काठचं मलाकाल, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतलं तुझं ठाणं. सुट्टीवरून परत जाणारा जवान मी उभ्या नोकरीत पाहिला. येताना त्याच्या काळ्या ट्रंकेत कॅन्टीनचं सामान असायचं, जाताना त्याच ट्रंकेत घरचा चिवडा आणि पोतंभर संत्री. मोठ्या जंक्शनवर फौजींच्या प्रवासाची सोय बघणाऱ्या एमसीओच्या ऑफिसापुढे वॉरंटचा कागद धरून ही मुलं रांगेत उभी असत. लढाई काय असते ते मला ठाऊक नाही, मी रेल्वेचा माणूस. पण परत जाण्याचा कंटाळा, भीती आणि लाज या तिन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर मी पाहिल्या आहेत. लाज यासाठी की आपल्याला घरी राहावंसं वाटतं हे कोणाला कळू नये. तुझ्या बोलण्यातला बॅगांचा राग थोडा त्यातलाच असावा असा माझा अंदाज आहे. चुकत असेल तर सांग.

आता बॅगांबद्दल. परक्या ऑफिसरांना सांभाळून नेण्याचं काम हलकं असतं असं तुला वाटतं ना? मग आपल्याच एका मराठी माणसाची हकीकत ऐक.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६, गाव कोल्हापूरजवळचं वडगाव. सँडहर्स्टला शिकले. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या कांगावच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणींचे तीन कमांडर हिंदी होते: थोरात, थिमय्या आणि सेन. तिघांनाही डीएसओ हे लढाईतलं मानाचं पदक मिळालं. म्हणजे बंदुकीचं काम या माणसाने पोटभर केलं होतं. पुढे १९५३ मध्ये सरकारने त्यांना कुठे पाठवलं? कोरियात, कैदी सांभाळायला.

२७ जुलै १९५३ ला कोरियातलं युद्ध थांबलं. दोन्ही बाजूंकडे असे कैदी उरले की जे आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. बावीस हजारांच्या वर तर एकट्या दक्षिणेकडच्या बाजूला, त्यात चिनीच जास्त. त्यांचा निकाल लावायला पाच तटस्थ देशांचं कमिशन बसलं: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. अध्यक्ष थिमय्या. कैद्यांना प्रत्यक्ष ताब्यात ठेवणारी फौज सगळी आपली, तिचे प्रमुख थोरात.

तुझा प्रवास लांबचा खरा, पण त्या जवानांचा ऐक. मद्रासहून जहाजाने इंचॉनला पोचले, आणि तिथे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री अडून बसले की हिंदुस्थानी शिपायाचा पाय आमच्या जमिनीवर पडता कामा नये. मग काय करणार? अमेरिकेच्या पॉइंट क्रूझ या विमानवाहू जहाजाच्या डेकवरून हेलिकॉप्टरने सुमारे सहा हजार माणसं थोडी थोडी करून उचलली आणि मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवली. १९५३ साली! आपल्या तिगावात तेव्हा किती जणांनी हेलिकॉप्टर चित्रात तरी पाहिलं असेल? त्या पट्ट्यात त्यांनी तंबूंचं गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं हिंदनगर.

आणि काम काय, तर तुझंच. कैद्याला त्याच्या देशाचे ऑफिसर येऊन समजावणार, 'घरी चल, तुला काही होणार नाही.' प्रत्येक तंबूत समजावणारे ऑफिसर, पाच तटस्थ देशांचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूचा निरीक्षक, दुभाषे. या सगळ्यांना नेणं, आणणं, बसवणं आणि जिवंत परत पोचवणं आपल्या जवानांकडे. कैदी आरडाओरडा करत, अंगावर धावत, हाताला येईल ते फेकत. आपला शिपाई मधे उभा. त्याचं ना चीनशी भांडण, ना अमेरिकेशी. १५ ऑक्टोबरला सुरू झालेलं हे समजावणं २३ डिसेंबरला संपलं, आणि मधले कितीतरी दिवस भांडणात फुकट गेले. दोन्ही बाजू आपल्याला शिव्या देत होत्या. मला वाटतं, मधे उभं राहणाऱ्याचा पगार बहुतेक शिव्यांतच मिळतो.

सप्टेंबरच्या शेवटी एक प्रकार घडला. कैद्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या आपल्या ऑफिसरला कुंपणाच्या आत ओढून धरून ठेवलं. थोरात स्वतः हत्याराशिवाय आत गेले. चारही बाजूंनी संतापलेली माणसं. तिथे त्यांनी काय केलं असेल? पाहुणा म्हणून गाऱ्हाणं मांडलं. तुमच्याकडे आलेल्याला साधा चहासुद्धा विचारत नाही का, असं बोलले म्हणतात. कैदी ओशाळले, चहा-सिगारेट आली, वातावरण निवळलं आणि ग्रेवाल बाहेर आले. पण लगेच असं समजू नकोस की सगळं गोड बोलून भागलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्या जवानांना कैद्यांवर गोळी चालवावी लागली आणि माणसं मेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. थोरातांच्या कौतुकात लोक दुसरी गाळतात, ती गाळू नये.

जानेवारी १९५४ मध्ये बहुतेक कैदी ज्या बाजूने त्यांना आपल्या ताब्यात दिलं होतं त्या बाजूच्या हवाली झाले. पण अठ्ठ्याऐंशी जण असे निघाले की त्यांना उत्तरही नको, दक्षिणही नको, चीनही नको, तैवानही नको. त्यांचं काय करायचं कोणालाच समजेना. शेवटी आपल्या फौजेने त्यांना स्वतःबरोबर जहाजावर घेतलं. फेब्रुवारीत मद्रासला उतरवलं आणि दिल्लीला नेऊन छावणीत ठेवलं. मद्रासहून दिल्लीला जाणारी मोठी लाईन कोणती, ते तुला सांगायला नको. बल्लारशा, नागपूर, काटोल, नरखेड, पांढुर्णा, तिगाव, चिचोंडा, मुलताई, आमला, इटारसी. मी तेव्हा लहान होतो आणि गाडीत कोण बसलं आहे ते काही गाडीवर लिहिलेलं नसतं. त्यातले बरेचजण पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले. थोडे भारतातच राहिले, संसार मांडला. त्यांना सांभाळून आणणाऱ्या शिपायांची नावं मात्र कुठे वाचायला मिळत नाहीत.

आता मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, रागावू नकोस. आपल्याकडून चिचोंड्याचा घाट चढताना मालगाडीला मागून बँकर इंजिन लावतात. ते गाडीला ढकलत माथ्यापर्यंत नेतं, तिथे सुटतं आणि एकटंच खाली परत येतं. गाडीच्या चार्टमध्ये मुक्कामाचं नाव दिल्ली असो की भोपाळ, बँकरचं गाव तिगावच. त्याच्या ड्रायव्हरला कोणी कधी हार घातलेला मी पाहिला नाही. पण तो नसता तर घाटात वाघिणी मागे घसरल्या असत्या. एवढंच.

१९७१ ची लढाई तर माझ्या नोकरीतली. डिसेंबरभर मिलिटरी स्पेशल गाड्या जात, उघड्या वाघिणींवर ताडपत्री घातलेले रणगाडे. लढाई संपली आणि पाकिस्तानची त्र्याण्णव हजार माणसं आपल्या ताब्यात आली. त्यांचे जनरल नियाझी आपल्याच प्रांतात, जबलपूरच्या छावणीत राहिले, एप्रिल १९७४ पर्यंत. विचार कर, पहारा देणाऱ्या एखाद्या शिपायाचा भाऊ त्याच लढाईत गेला असेल, आणि त्याला शत्रूच्या जनरलला वेळेवर जेवण पोचवावं लागलं असेल. हे काम फार सोपं नसतं.

तुझे तीन ऑफिसर शत्रू नाहीत, मिलिटरी ऑब्झर्व्हर आहेत. हत्यार बाळगायचं नाही हा त्यांचा नियम. हत्यार तुझं. म्हणजे त्यांचा भरवसा कोणावर? मलाकालला पोचून युनिटमध्ये रायफल परत हातात आली की मग बघ, बॅगा मोजणं कुठे संपतं आणि दुसरं काम कुठे सुरू होतं.

तुझ्या आजीला पुढचं सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेईतल्या गुमुरुकजवळ संयुक्त राष्ट्रांच्या गाड्यांचा ताफा बोरकडे चालला होता, सोबत आपले जवान. सुमारे दोनशे हत्यारबंद लोकांनी घात केला. लेफ्टनंट कर्नल महिपाल सिंग धरून पाच भारतीय गेले. संयुक्त राष्ट्रांचे दोन कर्मचारी आणि पाच कंत्राटी माणसं गेली. आपले जवान तिथे पाय रोवून लढले म्हणून ताफ्यातले कितीतरी साधे लोक निसटू शकले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबोच्या ठाण्यावर जमाव चालून आला. आत जिवाच्या भीतीने शिरलेले लोक होते. त्यांच्यासाठी आपले दोघे तिथे कामी आले. 'नुसतं सोबत जायचं काम' म्हणतात ते हे.

म्हणून लेका, सोबतच्या माणसाची ओळख करून घे. नॉर्वेचा, रवांडाचा, बांगलादेशाचा. रवांडाच्या माणसाला मारामारीचे प्रश्न विचारू नकोस, १९९४ मध्ये त्याच्या देशात काय झालं ते वाच आणि गप्प राहा. तो आपणहून बोलला तर ऐक. बांगलादेशाच्या साहेबाला १९७१ विचारलंस तर चालेल, तोच तुला दोन तास सांगेल. नॉर्वेच्या साहेबाने म्हणे तुझ्या फोनमधला गोटमारीचा व्हिडिओ पाहून विचारलं की तुमच्या गावात शांतिसेना का पाठवत नाहीत? मला हसू आलं, पण नंतर बराच वेळ त्यावर विचार करत बसलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एका झेंड्यासाठी एकमेकांना दगड मारतात. शेकड्यांनी जखमी होतात, माणसं मेलेली आहेत, आणि संध्याकाळी सगळे देवीच्या दर्शनाला जातात. आम्ही याला परंपरा म्हणतो. तिकडच्या नुएर आणि मुर्ले लोकांच्या गुरांच्या लुटीला आम्हीच रानटीपणा म्हणणार का? त्यांच्याकडे दगडांच्या जागी बंदुका आल्या, हा फरक फार मोठा आहे, हे मान्य. पण वरून बघून बोलायचा अधिकार पांढुर्णा जिल्ह्यातल्या माणसाला तरी नाही.

त्यातही एक गोष्ट मला फार आवडली. तिकडे दिन्का, नुएर लोकांचा जीव गुरांत असतो, तरुण पोरं आपल्या आवडत्या बैलाचं नाव स्वतःला लावून घेतात. आपले जनावरांचे मिलिटरी डॉक्टर तिथे त्यांच्या गुरांना औषधपाणी करतात. बैलाला अंघोळ घालून, शिंगं रंगवून, झूल चढवून गावभर मिरवणारे आपण. त्या लोकांना बंदुकीने जे कळणार नाही ते एखाद्या वासराला टोचलेल्या सुईने कळेल. कधी त्या डॉक्टरांसोबत जायची ड्यूटी लागली तर टाळू नकोस.

पावसाळा तिकडे साधारण मे ते ऑक्टोबर. सगळा मुलूख काळ्या चिकणमातीचा, आपल्या कापसाच्या रानासारखा. पावसात गाड्या धुऱ्यापर्यंत रुतलेल्या बैलगाडीसारख्या बसतात हे तूच सांगितलंस. म्हणजे आता कोरडे महिने, रस्ते उघडे, आणि म्हणूनच फिरती जास्त. ताफ्यात पुढच्या गाडीच्या धुळीत बसू नकोस, नाकाला रुमाल बांध, पाणी उकळून पी.

घरचं ठीक आहे. आंबिया बहाराची संत्री तयार झाली, पण भाव पडला आहे. व्यापारी झाडावरच सौदा मागतो, तुझा बाप अजून नाही म्हणतो आहे. ज्वारी या वर्षी थोडीच पेरली. तुझ्या मास्तरांनी सांगितलं की ज्वारीचं मूळ घर तिकडचंच, सुदानच्या मुलखातलं, हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. तिकडचे लोक अजून तीच खातात म्हणे. त्यांची कणसं आपल्या दगडी ज्वारीसारखी गच्च असतात की मोकळी, ते बघून ठेव. बी आणू नकोस, विमानतळावर अडवतील. फोटो पाठव.

तुझा,
आबाजी

ता. क. आजी विचारते आहे, अनारसे मऊ पडले होते का. खरं सांगू नकोस.